सिंहगड चढताना घड्याळ खिशात ठेवा

रविवारी सिंहगड आणि सोमवारी दवाखाना, असे वेळापत्रक असलेले पुणेकर मला नवे नाहीत. आतकरवाडीची पायवाट आपल्याला सुमारे 600 मीटर वर नेते. आठवडाभर खुर्चीत बसलेला पन्नाशीचा माणूस ती मिनिटे मोजत चढतो आणि पिठलं-भाकरी खाताना आपली वेळ सगळ्यांना ऐकवतो. या शर्यतीची मला खरी धास्ती आहे. चढताना सोबत्याशी दोन वाक्ये सलग बोलता येत नसतील, तर वेग कमी करा.

चढावर छातीत दडपण येते, कधी जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते आणि पाच मिनिटे बसले की थांबते. लोक याला पित्त म्हणतात आणि पुढे चालू लागतात. चालल्यावर येणे आणि थांबल्यावर जाणे, ही तर हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांची खूण! मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी दुखतही नाही, नुसती धाप लागते किंवा घाम फुटतो. असे झाले तर गड तिथेच सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. विश्रांतीत काढलेला ईसीजी चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. स्ट्रेस टेस्ट लागेल का, ते विचारा.

मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उतरताना, कधी रात्रीसुद्धा, साखर घसरते. डोस आधी विचारून घ्या, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. पाणी तहान लागण्याआधीच घोट घोट प्या. गडावर मिळणारे, मीठ घातलेले ताकही उत्तम, पण रक्तदाब असेल तर मीठ बेताचेच.

गुडघ्यांची परीक्षा मात्र उतरताना असते. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ते दुखणे आपोआप जाते. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर तपासून घ्या. उतरताना पावले लहान टाका, उड्या नकोत, हातात काठी असू द्या. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी पायी चढून जीपने खाली यावे. त्यात कमीपणा कसला?

आणि छातीतले दडपण बसूनही पाच-दहा मिनिटांत गेले नाही, तर उतरायचा हट्ट न करता तिथूनच 108 ला फोन लावा.