खालचं पान आधी बघ

सूनबाई, यंदा गोड धाटाची ज्वारी तू एकटीने सांभाळणार आहेस, हुरड्यालाही आणि रसालाही. म्हणून तिफण रानात जायच्या आतच चिकट्याचं सांगून ठेवते. कृषी खात्यातले लोक त्याला मावा म्हणतात.

दिवाळी झाली की दिवसाआड रानात फेरी मार. बांधावरून बघून माघारी फिरू नकोस. वरून रान हिरवंगार दिसतं आणि चिकटा खालच्या पानांच्या पाठीला बसलेला असतो. पान उलटं कर. मोहरीपेक्षा बारीक, पिवळट जीव दाटीने बसलेले दिसतील. मग त्यांच्या खालच्या पानावर हात फिरव. तेल सांडल्यासारखी चकाकी असेल आणि तळवा चिकटेल. मी मावा डोळ्यांनी हेरायच्या आधी हाताने ओळखते.

हा चिकटपणा आपल्याच झाडाच्या साखरेचा. सुईसारखी सोंड पानाच्या रसवाहिनीत खुपसून तो रस ओढत राहतो आणि न पचलेलं गोड पाणी खाली टाकतो. त्याला मुंग्या लागतात, धूळ बसते, काळी बुरशी धरते. काळ्या पडलेल्या पानाला ऊन मिळत नाही, असा कडबा जनावरं हुंगून सोडून देतात. गोड ज्वारीत तर पानात तयार झालेली साखर धाटात उतरायची असते. ती वाटेतच लुटली जाते. धाट बारीक राहतं, रस पाणचट लागतो. फलटणच्या निंबकर संस्थेने ‘मधुरा’ नावाची गोड ज्वारी काढली, तिच्या रसाची काकवी होते. काकवी करायची तर धाटातली साखर हेच आपलं उत्पन्न.

आणि चिकट्याची वीण बघ. मादीला नर लागत नाही, ती जिवंत पिलं टाकते, आठवडाभरात ती पिलंही वितात. दोन-चार दिवस आभाळ राहिलं, हवा दमट झाली, तर पाहणीत खंड पाडू नकोस.

एके वर्षी पीक पिवळं दिसलं म्हणून मी दोनदा युरिया टाकला. पानं लुसलुशीत झाली आणि चिकट्याचं फावलं. घाबरून दुकानदाराने दिलं ते जहाल औषध मारलं. चार दिवस बरं वाटलं, मग चिकटा दुपटीने आला, कारण त्याला खाणारे ढालकिडे आधी मेले होते. लाल ढालकिडा सगळे ओळखतात. त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, सुसरीसारखी दिसते, बाया तिलाच कीड समजून चिरडतात. मजुरांना ती अळी पहिल्याच दिवशी दाखव. जिथे ती फिरतेय तिथे दोन-तीन दिवस थांबून बघ.

चिकटा वाढतच राहिला तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण मिसळायचा आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे, वरून मारलेला वाया जातो. हुरड्याच्या रानात विषारी औषध आणायचंच नाही. आपल्याकडे शहरातून माणसं लेकरंबाळं घेऊन हुरडा खायला येतात गं, गरम कणीस हातावर चोळून तसंच तोंडात टाकतात.

हुरडा लांबवायला टप्प्याने पेरशील तेव्हा उशिराचा तुकडा पहिल्याला खेटून नको. जुन्या पिकात दाटी झाली की चिकट्याला पंख फुटतात आणि तो कोवळ्या रानावर उतरतो. बांधावरचा बरूही काढ, तिथे तो तग धरून बसतो.

आता बियाण्याचं, यातच माझा जीव अडकलाय. सगळी ज्वारी सारखी नसते. काही वाणांवर चिकटा बसायलाच नाखूश असतो. काहींवर बसतो पण पिलं कमी होतात. काहींवर भरपूर होतो तरी झाड कणीस भरतं. अमेरिकेत 2013 पासून ज्वारीवर याचा कहर झाला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनाही तग धरणारे वाणच कामी आले. म्हणून नवीन बी आणलं की आधी चार तासं आपल्या जुन्या वाणाशेजारी पेर, दोन्हीकडची खालची पानं एकाच दिवशी उलटून बघ आणि वहीत लिही. ज्याला गोडी जास्त त्याला चिकटाही जास्त, असं धरून चालू नकोस. रस चाखून आणि पान उलटूनच ठरव.

निवड करताना कडेचं स्वच्छ झाड घेऊ नको, ते नुसतं नशिबाने वाचलेलं असू शकतं. ज्याच्या चारही बाजूची ताटं चिकटलेली आहेत आणि ते एकटं बऱ्यापैकी कोरडं आहे, ते धर. त्याला कणसाखाली लाल दोरा बांध. कापणीच्या घाईत दोरा दिसत नाही, म्हणून मी सुगीच्या आदल्या दिवशीच ती कणसं विळ्याने उतरवून वेगळ्या गाठोड्यात ठेवते. मागच्या सुगीचं ते गाठोडं उतरंडीतल्या खालून दुसऱ्या मडक्यात आहे, राखेत. पेरणीआधी आठवणीने काढ.