डिझेल मोटारीला निर्वात पंप कशाला?

"सर, पोकळी हवेला ओढून घेते ना?" हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. नळीने सरबत पिताना किंवा पिचकारीत रंग भरताना आपल्याला तसेच वाटते. पण ओढायला काहीतरी असावे लागते, आणि पोकळी म्हणजे तर काही नसणे! खरे काम करते ती बाहेरची हवा. ती ढकलते, पोकळी फक्त तिला वाट देते. ही गोष्ट नीट पटावी म्हणून आज आपण एका जुन्या डिझेल मोटारीतील नारळाएवढ्यासुद्धा नसलेल्या एका पंपाची ओळख करून घेऊ. त्याच्यावर मोटारीचे ब्रेक अवलंबून असतात, आणि तो वेळीच बदलला नाही तर क्वचित सारे इंजिनच निकामी होते.

वातावरणाचा भार

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.०३ किलोग्रॅम भार. हा भार आपल्याला जाणवत नाही, कारण तो सर्व बाजूंनी सारखाच असतो. एका बाजूची हवा काढून घेतली की तो प्रकट होतो. जर्मनीतील मॅग्डेबुर्ग शहरी ओटो फॉन गेरिक याने धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून आतील हवा पंपाने काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोड्यांना ते अर्धगोल वेगळे करता येईनात. सतराव्या शतकातील तो प्रयोग आजच्या मोटारीच्या ब्रेकमध्ये रोज होत असतो.

ब्रेकला मदत कोण करते?

मोटार थांबवायला लागणारे बल एकट्या पायाने देणे कष्टाचे असते. म्हणून ब्रेकच्या पेडलापुढे पत्र्याचा एक चपटा, गोल डबा बसवलेला असतो. त्याला बूस्टर म्हणतात. डब्याच्या आत रबरी पडदा असून त्याने दोन कप्पे केलेले असतात. पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांतील हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे पडदा स्वस्थ असतो. पेडल दाबले की एक झडप मागच्या कप्प्यात बाहेरची हवा येऊ देते. पुढे विरळ हवा, मागे वातावरणाचा पूर्ण दाब! पडदा पुढे ढकलला जातो आणि पायाच्या जोरात हवेचा जोर मिळतो.

हा जोर किती? पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरू. त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. कप्प्यातील दाब वातावरणापेक्षा पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरांनी कमी असेल, तर दाबातील फरक

१.०३ × ६०० ÷ ७६० = सुमारे ०.८१ किलोग्रॅम भार, दर चौरस सेंटिमीटरवर.

याला ३१४ ने गुणले की सुमारे २५५ किलोग्रॅम भार येतो. म्हणजे चार धडधाकट माणसांच्या वजनाइतके बल हवा फुकट देते. फुकट म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने, की हवा विकत आणावी लागत नाही. डबा रिकामा करण्याचे कार्य मात्र कोणीतरी करावेच लागते.

पेट्रोल आणि डिझेल

साध्या पेट्रोल इंजिनात हे कार्य आपोआप होते. त्याच्या शोषण नळीत एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती जवळजवळ बंद होते. इकडे सिलिंडरमधील दट्टे हवा घेऊ पाहतात, तिकडे वाट बंद! त्यामुळे नळीतील दाब उतरतो. तेथून ब्रेकच्या डब्यापर्यंत एक नळी नेली की झाले.

साध्या डिझेल इंजिनात शक्ती कमीजास्त करण्यासाठी हवा अडवत नाहीत. फक्त इंधनाचे प्रमाण बदलतात. हवेची वाट सदैव खुली असल्याने शोषण नळीत उपयोगी पडेल इतका दाब उतरत नाही. म्हणून डिझेल मोटारीला वेगळा निर्वात पंप द्यावा लागतो.

एक उदाहरण

मर्सिडिझ-बेंझ कंपनीची डब्ल्यू १२३ ही मालिका १९७६ साली बाजारात आली. तिच्यातील ३०० डी या नमुन्याला पाच सिलिंडरांचे तीन लिटरचे डिझेल इंजिन होते. या मोटारीत निर्वात पंपाकडे ब्रेकखेरीज इतरही कामे होती. दारांची कुलुपे एकदम लावणे हे त्यांपैकी एक. दुसरे अधिक मजेचे, ते म्हणजे इंजिन बंद करणे! डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे वीज तोडून ते थांबत नाही. इंधनच तोडावे लागते. किल्ली फिरवली की एक झडप उघडून इंधन पंपावरच्या छोट्या डबीतील हवा काढली जाई आणि बाहेरच्या हवेचा दाब इंधनाचा पुरवठा बंद करी. नळी कोठे गळत असेल तर किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राही! अशा वेळी बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेली दांडी हाताने दाबावी लागे.

कच्चा दुवा कोठे?

हा पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला असतो. इंजिनाबरोबर फिरणारा एक कॅम पंपाच्या तरफेला ढकलतो, तरफ दट्ट्याला हलवते आणि दट्टा दर खेपेस थोडी हवा बाहेर काढतो. घर्षण कमी व्हावे म्हणून तरफेच्या टोकाशी, कॅमला टेकणारे एक बेअरिंग असते. खरी गोम येथेच आहे.

थोडा हिशेब करू. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता इंजिनाचे दर मिनिटाला २००० फेरे होतात असे धरा. हा कॅम त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला १००० फेरे फिरतो. दर फेऱ्याला एकच धक्का धरला, तरी तासाला ६० हजार धक्के होतात. दोन लाख किलोमीटर जायला ३,३३३ तास लागतील. तेवढ्यात बेअरिंगला सुमारे २० कोटी धक्के बसतील! पोलाद झाले तरी ते थकते. प्रत्येक धक्का क्षुल्लक असतो, पण पुन्हापुन्हा बसून पृष्ठभागाला बारीक तडे जातात. शेवटी बेअरिंग फुटते. त्यातील छर्रे खाली पडतात, आणि शेजारीच टायमिंगची साखळी फिरत असते. छर्रा साखळीत अडकला तर ती तुटते किंवा दात चुकते; झडपा आणि दट्टे यांचा मेळ सुटतो आणि ते एकमेकांवर आदळतात. एका लहान पंपापायी इंजिन हातचे जाते, ते असे. ही रचना पुढील पिढीच्या ६०१, ६०२ व ६०३ क्रमांकांच्या इंजिनांतही होती आणि तेथेही हा दोष जाणकारांना ठाऊक आहे.

मापन काय सांगते आणि काय सांगत नाही

ब्रेकचे पेडल जड लागू लागले तर पंपच बिघडला असे लगेच ठरवू नये. चांगला मिस्त्री पंपाची नळी सोडवतो आणि तेथे दाबमापक जोडतो. मापकाचा काटा पुरेसा उतरला तर पंप हवा नीट काढतो आहे. गळती पुढे, एखाद्या रबरी नळीत किंवा पडद्यात शोधायची. काटा उतरत नसेल तर दोष पंपात. प्रयोगशाळेत आपण एकेक भाग अलग करून तपासतो, तशीच ही रीत आहे.

पण येथे एक सापळा आहे. काटा उत्तम उतरला म्हणजे पंप निर्दोष आहे असे ठरत नाही! दाबमापक दाब मोजतो, बेअरिंगची झीज मोजत नाही. झिजलेले बेअरिंगसुद्धा फुटण्याच्या क्षणापर्यंत पंपाला व्यवस्थित चालवते. ती झीज पाहायची तर पंप उतरवावा लागतो, बेअरिंग बोटाने फिरवून ते खडबडीत किंवा सैल लागते का हे बघावे लागते. इंजिनाच्या पुढच्या बाजूने टिकटिक ऐकू येत असेल, तर ही तपासणी मुळीच लांबवू नये. बेअरिंग सदोष असेल तर सुधारित, अधिक भक्कम बेअरिंगचा नवा पंप बसवतात. जुन्या बेअरिंगमधील छर्रे मोजून पाहणेही आवश्यक असते. एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत इंजिन चालू करायचे नाही.

करून पाहा

(१) सुई नसलेली, न वापरलेली सिरिंज घ्या. दट्टा पूर्ण आत ढकलून तोंड बोटाने घट्ट बंद करा. आता दट्टा बाहेर ओढून सोडा. तो मागे जातो. त्याला कोणी ढकलले?

(२) हा प्रयोग घरच्या मोठ्या माणसाने, उभ्या मोटारीत, हातब्रेक ओढून व गिअर मोकळा ठेवूनच करावा. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल, कारण डब्यात साठलेली पोकळी संपली. आता पेडल पायाने दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर या प्रकारचा असेल आणि ठीक असेल, तर पेडल पायाखाली किंचित खाली जाईल. तो हवेचा जोर!

विचार करा

महाबळेश्वरला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६४५ मिलिमीटर इतका असतो. पंपाने डब्यात १४५ मिलिमीटर दाब शिल्लक ठेवला, तर वरील पडद्यावर किती बल मिळेल? पंप तोच, पडदा तोच. मग मदत का घटली? याचे उत्तर ज्याला स्वतःच्या शब्दांत देता येईल, तो "पोकळी ओढते" असे पुन्हा म्हणणार नाही.