जवानाचे अपंगत्व-निवृत्तिवेतन : पात्रतेचे वाद व न्यायालयीन निर्णय

सैन्यात भरती होणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची वैद्यकीय तपासणी होते. सर्व कसोट्यांना उतरलेला तरुणच गणवेश चढवितो. असा तरुण आठ-दहा वर्षांनी आजारपणाच्या कारणावरून सेवेतून कमी केला जातो आणि 'हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही' असा शेरा असलेला कागद घेऊन गावी परततो, तेव्हा त्याच्या कुटुंबापुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) हे गाव सैनिकी परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील अशा अनेक गावांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. त्या शेऱ्याला कायद्यात किती वजन आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

पात्रतेच्या दोन कसोट्या

भूदलाच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार, वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी केलेल्या जवानाला अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली, अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. दुसरी, त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असावे. बहुतेक वाद पहिल्या कसोटीभोवती फिरतात. गोळी लागून आलेले अपंगत्व दिसते. अपस्मार, हृदयविकार किंवा मानसिक आजार यांचे मूळ मात्र सहज दाखविता येत नाही.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर १९८२ च्या पात्रता नियमांत होते. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद झालेली नाही, तो दोष तेव्हा नव्हता असे गृहीत धरावे. प्रकृती पुढे खालावल्यास ती सेवेमुळे खालावली असे मानावे. दावेदाराकडे पुरावा मागू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, असे हे नियम सांगत. आजार भरतीच्या तपासणीत कळून येणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे नमूद करणे मंडळावर बंधनकारक होते.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. सिग्नल दलातील एक जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि अपस्माराच्या कारणावरून १९९४ मध्ये सेवेतून कमी झाला. त्याचे अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दावा मान्य केला, खंडपीठाने तो फेटाळला. भरतीच्या कागदपत्रांत आजाराची नोंद नाही आणि मंडळाने कारणेही दिलेली नाहीत, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने जवानाच्या बाजूने निकाल दिला.

प्रत्येक दावा मान्य होतोच असे नाही

याचा अर्थ सेवाकाळात झालेला प्रत्येक आजार वा अपघात निवृत्तिवेतनास पात्र ठरतो असा नव्हे. वार्षिक रजेवर असताना झालेल्या रस्त्यावरील अपघाताचा सैनिकी कर्तव्याशी संबंध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सहसा उघड होत नाही, हे लक्षात घेऊन २०१९ मध्ये एका जवानाचा दावा फेटाळण्यात आला. उलट, मे २०२५ मध्ये तशाच स्वरूपाच्या आजाराच्या प्रकरणी मंडळाने कारणे न दिल्यामुळे निकाल जवानाच्या बाजूने लागला. आजाराचे नाव सारखे असले तरी मंडळाच्या कागदावर कोणती कारणे लिहिली आहेत, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

टक्केवारीचा प्रश्न

वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढून टाकण्याइतके अपंगत्व असेल, तर ते २० टक्क्यांहून अधिक मानले पाहिजे, असे न्यायालयाने जून २०१४ मध्ये म्हटले. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरच्या निर्णयाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. या पद्धतीत ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरले जाते. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम धरल्यास २० टक्के अपंगत्वाला ६ टक्के मिळतील. टप्पा लागू झाल्यास तीच रक्कम १५ टक्के होते. सामान्य कुटुंबाला हा फरक मोठा आहे.

विलंबाची किंमत

निवृत्तिवेतनाचा हक्क दरमहा नव्याने निर्माण होतो. म्हणून केवळ उशीर झाल्याने दावा संपत नाही. परंतु २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार थकबाकी सामान्यतः दावा दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. पंधरा वर्षे स्वस्थ बसलेला जवान बारा वर्षांच्या रकमेला मुकतो.

गावपातळीवरील साह्य

नकाराचे पत्र इंग्रजीत असते आणि पुष्कळदा ते पेटीत तसेच पडून राहते. येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे साह्य मोलाचे ठरते. भरतीच्या व सेवामुक्तीच्या वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती नसल्यास अभिलेख कार्यालयाकडे मागवाव्यात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चाही उपयोग होतो. नंतर पत्रात दिलेल्या मुदतीत विभागीय अपील करावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय याबाबत मार्गदर्शन करते. अपील फेटाळल्यास सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबई येथे आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम अमलात आले आहेत. त्यामुळे जवान कोणत्या तारखेस सेवामुक्त झाला, हे प्रथम पाहावे. जुन्या नियमांवरील निर्णय नव्या प्रकरणांना जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरू नये. तारीख, भरतीच्या वेळची नोंद आणि मंडळाने दिलेली कारणे या तीन गोष्टी तपासल्याखेरीज कोणत्याही जवानाने नकाराचे पत्र अखेरचे मानू नये.