थंडीचा प्रवास आणि बंद खिडकी

डोंबिवलीचे एक प्राध्यापक गेल्या आठवड्यात सपत्नीक दवाखान्यात आले. एका सत्रापुरते शिकवायला ते रुडकीच्या आयआयटीत जाणार आहेत. तेही डिसेंबरअखेर, स्वतःच्या मोटारीने. दीड हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला. "डॉक्टर, थंडीवर काही गोळ्या लिहून द्या," म्हणाले.

थंडीवर गोळी नसते, लोकरीचे कपडे असतात. मला काळजी वेगळीच होती. ठाणे-कल्याणकडे आपली खिडकी बारा महिने किलकिली असते. उत्तरेत थंडीमुळे आपण सारे बंद करतो आणि तिथेच घात होतो.

कोळशाची शेगडी, गॅसचा गिझर, मोटारीचे चालू इंजिन यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावतो.

म्हणून लक्षात ठेवा. धुक्यामुळे थांबावे लागले, तर इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. खोलीत शेगडी पेटती ठेवून तर मुळीच झोपू नका. घरातल्या सर्वांचेच डोके एकदम दुखू लागले, तर ती सर्दी समजू नका. दारे-खिडक्या उघडा, मोकळ्या हवेत या, 108 ला फोन करा.

रक्तदाबाच्या गोळ्या हाताशी ठेवणे, दर दोन तासांनी उतरून चार पावले चालणे, हे ओघाने आलेच.

बाईंनी पर्समधून सामानाची यादी काढली आणि 'शेगडी'वर काट मारली. माझी फी वसूल झाली!