कंसातली नोंद

नाशिक

चि. केतकी,


जमिनीच्या नोंदींच्या गोठवलेल्या माहितीसंचात एकाच गटाचे क्षेत्र चुकले आहे, ते स्क्रिप्टने बदलू का, असे तू विचारलेस. स्क्रिप्ट जरूर लिही, पण तिने जुना आकडा पुसता कामा नये. तिने नवी नोंद घालावी, आणि जुना आकडा काय होता, तो कोणी, कधी, कोणत्या कारणाने बदलला, हे त्या नोंदीतच यावे. आपल्या महसुली दप्तराची रीत हीच आहे. खातेदार बदलला म्हणून तलाठी सातबाऱ्यावरचे नाव खरवडून काढत नाही. बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत उतरतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर जुने नाव कंसात जाते, नवे नाव फेरफार क्रमांकासह लागते. जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे आजही मागे मागे वाचत जाता येते ते यामुळेच.

तू म्हणशील, ही तर साधी टंकनचूक, ०.४० हेक्टरचे ४.०० झाले, एवढ्यासाठी इतका सोपस्कार कशाला? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १५५ अशाच लेखनचुकांसाठी आहे. पण तिथेही तपासणीत अधिकाऱ्याला चूक दिसली, तर पक्षकारांना नोटीस दिल्याशिवाय आणि हरकतींचा निकाल लावल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. कारण कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत ती खरीच मानायची असते. त्या ४.०० वर विसंबून निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या सोसायटीने द्राक्षबागेला कर्जही दिलेले असू शकते. तू मूळ आकडा गुपचूप बदललास, तर जुना उतारा हाती असलेला माणूसच खोटा ठरतो. मला सर्वांत जास्त खटकते ते हे. शिवाय उताऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी मजकुराच्या गणिती ठशावर उभी असते. एक अंक हलला की ती जुळत नाही.

दोन आकडे राहिले तर गोंधळ होईल, ही शंका फार टिकत नाही. पडद्यावर शेवटची प्रमाणित नोंद दाखव, इतिहास मागेल त्याला दे. जागेचीही चिंता नको, न बदललेला भाग दोन्ही आवृत्त्यांना सामाईक ठेवता येतो. शेतकऱ्याचे काम अडले आहे, ही हरकत मात्र खरोखर वजनदार आहे. पण नवी नोंद घालायला संगणकाला जुनी पुसण्याइतकाच वेळ लागतो. दिवस जातात ते नोटीस आणि सुनावणीत, आणि ते दिवस सहहिस्सेदाराच्या हक्काचे आहेत. ते कापायचा अधिकार तुझ्या स्क्रिप्टला नाही.

तेव्हा स्क्रिप्ट आधी प्रतीवर चालव. नुसत्या गट क्रमांकावर विसंबू नकोस, तोच क्रमांक दुसऱ्या गावातही असतो. गावाचा कोड, पोटहिस्सा आणि खाते क्रमांकही तपास. जुना आकडा ४.०० च असेल आणि नेमकी एकच ओळ सापडेल, तरच तिने पुढे जावे, नाहीतर काहीही न बदलता थांबावे. तहसीलदारांच्या आदेशाचा क्रमांक भरल्याशिवाय ती सुरूच होऊ नये, अशी अट घाल. मसुदा झाला की मला पाठव.

तुझा
मामा