थेट ऑनलाइन तासासाठी शाळेचं नेटवर्क: पैसे कुठे घालावेत?

शाळेत थेट ऑनलाइन तास सुरू करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो इंटरनेटच्या वेगाचा. १०० एमबीपीएस घ्यायचं की २००? माझा सल्ला असा, की आधी वर्ग मोजा, वेगाचं नंतर बघा. तीस मुलांच्या हाती तीस टॅब देऊन प्रत्येकाला वेगळं जोडायचं, तर साठ-सत्तर एमबीपीएसही कमी पडतील आणि वाय-फाय आधीच मान टाकेल. तोच वर्ग एक संगणक, एक कॅमेरा आणि एका पडद्यावर बसवला, तर येण्याजाण्याचे मिळून चार-पाच एमबीपीएस पुरतात. चार वर्ग एकाच वेळी जोडले तरी वीसच्या आसपास. सरकारी किंवा अनुदानित शाळेला हाच मार्ग परवडतो, आणि मुलंही एकत्र बसून प्रश्न विचारतात.

वेग विचारताना अपलोडचा आकडा हटकून विचारा. यूट्यूबवरचा धडा नीट चालतो म्हणून थेट तासही चालेल, असं धरू नका. आधी चित्रित केलेला व्हिडिओ संगणक थोडा पुढपर्यंत उतरवून ठेवतो, त्यामुळे मधली अडखळ कळत नाही. थेट संवादात ती सवड नाही आणि मुलांचं चित्र व आवाज बाहेरही जायला हवा. काही जुन्या जोडण्यांमध्ये डाउनलोड ४० आणि अपलोड जेमतेम २ असतं. फायबर घ्या आणि दोन्ही बाजूंचा वेग सारखा आहे ना, हे लेखी घ्या. २०२० साली जिओफायबरने ३० एमबीपीएसची घरगुती योजना ३९९ रुपयांत आणली होती. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की महिना साधारण ४७१ रुपये. संस्थेच्या नावावरची जोडणी महाग पडू शकते, म्हणून दोन-तीन कंपन्यांकडून दरपत्रक मागवा. ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेची तार आली असेल, तर तिथेही चौकशी करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र रोजचा तास लावू नका. चांगल्या चित्राचा एक तास दोन जीबीच्या घरात जातो, म्हणजे अनेकांच्या पॅकमधला दिवसभराचा डेटा एका तासात संपला.

पुढे दिलेले दर अंदाजाचे आहेत. गाव आणि दुकानाप्रमाणे ते बदलतील.

खरा पैसा तारेत घाला. ज्या वर्गात तास होणार, तिथपर्यंत कॅट-६ केबल ओढून संगणक थेट तिलाच जोडा. केसिंग आणि मजुरी धरून एका वर्गाचं हे काम दोन-तीन हजारांत होतं, आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच बारा-अठराशेला मिळतो. एवढ्यावर निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात, असा माझा ठाम विश्वास आहे. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच खात्रीची. मैदानापलीकडे दुसरी इमारत असेल तर अंतर कमी असलं तरी मध्ये फायबरच टाका. तांब्याच्या तारेतून विजेचा झटका आत येतो आणि वळवाच्या एका पावसात स्विच, राउटर, संगणक सगळंच जळू शकतं. फायबरमधून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना लागणारे कन्व्हर्टर साधारण हजार-दीड हजाराला एक पडतात.

लोडशेडिंगचा विचार आधीच करा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बाराशे ते दोन हजारांना मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. कंपनीने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा वेगळा असेल, तर त्यालाही वेगळा बॅकअप हवा. तो बंद पडला तर चालू राउटरचा उपयोग नाही.

आवाजाकडे शाळा सर्वात कमी लक्ष देतात, याचं मला फार वाईट वाटतं. चित्र थोडं अंधुक झालं तर मुलं सांभाळून घेतात. शब्द कळले नाहीत की दहा मिनिटांत वर्ग हातचा जातो. लॅपटॉपच्या मायक्रोफोनला मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न ऐकू येत नाही, आणि मग ती पुन्हा विचारतही नाही. प्रतिध्वनी दाबणारा, यूएसबीवर चालणारा माइक-स्पीकर सहा ते दहा हजारांना येतो. कॅमेरा अडीच-चार हजारांचा चालेल. म्हणजे प्रोजेक्टर आणि संगणक आधीच असतील, तर एका वर्गाचा एकूण खर्च तेरा ते एकवीस हजार.

सॉफ्टवेअरला सहसा पैसे लागत नाहीत. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, शाळेचा तास तेवढाच असेल तर अडचण नाही. पात्र शाळांना गूगलची शिक्षणासाठीची मूळ सेवा मोफत मिळते, मीट त्यातच येतं.

जोडणीचे पैसे चुकते करण्याआधी शाळेच्या वेळेत, तारेवर, सगळ्या वर्गांत एकाच वेळी कॉल लावून पाहा. वेग मोजताना पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळही बघा. तो सतत १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं एकमेकांवर आदळत नाही. संगणक कक्षातल्या विंडोजच्या अपडेट शाळा सुटल्यानंतरच्या वेळेवर लावा. बिल शाळेच्या नावावर घ्या. राउटरचा पासवर्ड आणि कोणती तार कुठे जाते याचा नकाशा मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये ठेवा. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, हेही करारात लिहून घ्या. पैसे अपुरे असतील तर आधी एकच वर्ग पूर्ण तयार करा आणि वेळापत्रक लावून बाकीच्या तुकड्यांना तिथे आणा.