परसांतील मिश्र कळप व नरांचा बंदोबस्त

बुलढाणा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या परसांत देशी कोंबड्या पूर्वापार आहेत. आतां त्यांच्या जोडीस हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा अथवा बंगळूरची गिरिराज या सुधारित जातींचीं पिलेंही आणतात. हीं पिलें बहुधा नर-मादी न निवडतां मिळतात. सबब चार महिन्यांनीं पाहावें तों वीस पक्ष्यांत आठ-दहा नर निघतात. त्यांची व्यवस्था कशी लावावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम संख्या. आठ ते दहा माद्यांस एक नर पुरे. नर वाढले म्हणजे फळाऊ अंडीं वाढतात, हा समज खरा नव्हे. नर परस्परांस हुसकावण्यांत गुंततात, आणि माद्यांच्या पाठीचीं पिसें झडून कातडें उघडें पडतें.

दुसरा विचार आकाराचा. देशी मादी सव्वा-दीड किलोची, तर गिरिराज नर तीन किलोंहून अधिक भरतो. त्याच्या भारानें मादी लंगडते व त्याच्या पायामागील कांट्यानें तिची कूस फाटते. सुधारित मादी सहसा खुडूक बसत नाहीं. उबवणीचें काम देशी मादीच करते. ती जायबंदी झाली कीं घरची पैदास खुंटली. म्हणून भारी नर भारी माद्यांतच राखावा, व देशी माद्यांस देशी नर द्यावा.

तिसरी गोष्ट कळपांतील पायरीची. कोणीं कोणास टोचावें याचा क्रम कोंबड्यांत ठरलेला असतो, हें नॉर्वेचे श्येल्डेरुप-एब्बे यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. नवा पक्षी येतांच हा क्रम मोडतो व मारामारी जुंपते. यास्तव नवा नर एकाएकीं सोडूं नये. आठ दिवस जाळीपलीकडे ठेवावा. दाणापाणी दोन-तीन ठिकाणीं ठेवावें, म्हणजे दुबळ्यांस उपास घडत नाहीं.

निवड चौथ्या महिन्यांत करावी. सरळ पायांचा, सशक्त व माणसावर न धांवणारा नर राखावा, जोडीस एक राखीव ठेवावा. बाकीचे वेगळ्या खुराड्यांत घालून विकावे. आषाढांत मागणी चढते व श्रावणांत उतरते, हें ध्यानीं धरावें.

मादीस अंडीं घालण्यास नराची गरज नाहीं. नर दूर असल्यास अंडीं फळत नाहींत, आणि तीं वैशाखाच्या उष्म्यांत फळलेल्या अंड्यांपेक्षां अधिक टिकतात. मात्र नर काढल्यावरही दोन-तीन आठवडे फळलेलीं अंडीं येऊं शकतात. म्हणून अंडीं बसवावयाचीं असल्यास इतर नर तीन आठवडे आधींच काढून निवडलेला नर माद्यांत सोडावा. एरव्हीं पिलें कोणत्या नराचीं हें सांगतां येणार नाहीं.

एवढ्यासाठीं मोठा खर्च लागत नाहीं. एक जाळी व एक जादा खुराडें पुरतें. वाचकांनीं आपल्या परसांतील नर व माद्या वेगवेगळ्या मोजाव्या, म्हणजे कोठें सुरुवात करावी हें आपोआप कळेल, असें आम्ही सुचवितों.